विश्लेषण : ‘साठी बुद्धी नाठी’ की मेंदूतील प्रथिनांचा आजार? अल्झायमर यांनी नेमके काय शोधले होते?

घरातील वयस्कर माणूस तोच प्रश्न पाचव्यांदा विचारू लागला, पैशांचे पाकीट कपाटाऐवजी पिठाच्या डब्यात ठेवू लागला की ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून आपल्याकडे विषय संपवला जातो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर बुद्धी जाण्याचे वयही ठरवून देते. वय झाले की विसरायचेच, हा समज केवळ आपला नाही. युरोपातील डॉक्टरही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असेच मानत. या समजाला धक्का बसला तो जर्मनीतील ५१ वर्षांच्या एका स्त्रीमुळे आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणाऱ्या डॉक्टरांमुळे. त्या डॉक्टरांचे आडनाव आज घरोघरी ठाऊक आहे. मात्र अलॉइस अल्झायमर यांना आपण पाहिलेला आजार खरोखर वेगळा आहे का, याची स्वतःलाच खात्री नव्हती. त्यांची ती शंका किती रास्त होती, हे कळायला पुढे अनेक दशके लागली.

कोण होते अल्झायमर?

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील मार्क्टब्राइट या माइन नदीकाठच्या गावात झाला. वडील एडुआर्ड हे नोटरी होते. आशाफेनबुर्ग येथे शालेय शिक्षण घेऊन अलॉइस यांनी बर्लिन, ट्यूबिंगेन आणि वुर्झबर्ग येथे वैद्यकाचा अभ्यास केला. धिप्पाड अंगाचा, गप्पिष्ट आणि तलवारबाजीचा शौकीन असा हा विद्यार्थी होता. तलवारबाजीत झालेल्या जखमेचा व्रण त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला कायमचा राहिला.

१८८७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता कानातील मळ तयार करणाऱ्या ग्रंथी. मेंदूशी या विषयाचा काही संबंध नव्हता. पण ऊतींचे पातळ काप घेणे, ते रंगवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास न्याहाळणे ही सवय तिथेच लागली. पुढचे सारे आयुष्य त्यांनी हेच केले.

फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात काय वेगळे होते?

१८८८ च्या अखेरीस अल्झायमर फ्रँकफर्ट येथील मनोरुग्ण व अपस्माराच्या रुग्णांसाठीच्या रुग्णालयात सहायक डॉक्टर म्हणून रुजू झाले. एमिल सिओली हे तेथील संचालक. वेड लागलेल्या माणसाला बांधून किंवा कोठडीत कोंडून ठेवणे ही त्या काळची सर्वसाधारण रीत होती. सिओली यांनी ती बंद करायचे ठरवले. रुग्णांना मोकळ्या कक्षात ठेवायचे, अस्वस्थ रुग्णाला कोमट पाण्यात बराच वेळ बसवायचे आणि मुख्य म्हणजे त्यांच्याशी बोलायचे, अशी पद्धत तेथे सुरू झाली. अल्झायमर यांना ती मनापासून पटली.

पाठोपाठ फ्रान्झ निसल हे तरुण डॉक्टर तेथे आले. मज्जापेशी स्पष्ट दिसाव्यात यासाठी काप रंगवण्याची नवी पद्धत त्यांनी विद्यार्थिदशेतच शोधली होती. दिवसा रुग्ण आणि रात्री सूक्ष्मदर्शक असा दोघांचा दिनक्रम झाला. मनाचे आजार म्हणजे नैतिक दुबळेपणा किंवा दैवाचा कोप नव्हे. त्यांच्या खुणा मेंदूत सापडायला हव्यात, हा दोघांचा विश्वास होता.

१८९४ मध्ये अल्झायमर यांनी सेसिली गाइझेनहायमर या श्रीमंत विधवेशी विवाह केला. त्यांना तीन मुले झाली. फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिली यांचे निधन झाले. अल्झायमर यांची अविवाहित बहीण एलिझाबेथ मुलांना सांभाळायला आली आणि अल्झायमर यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एक नवी रुग्ण दाखल झाली.

ऑगस्टे डेटर कोण होत्या?

रेल्वेत कारकून असलेल्या कार्ल डेटर यांच्या त्या पत्नी. १९०१ च्या वसंतापर्यंत त्यांचा संसार सुरळीत चालला होता. मग एकाएकी ऑगस्टे नवऱ्यावर संशय घेऊ लागल्या. स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू कुठेही लपवल्या जाऊ लागल्या. त्या घरभर निरुद्देश फिरत, ओळखीच्या माणसांना घाबरत. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी त्यांना रुग्णालयात आणले गेले.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर यांनी त्यांना तपासले आणि प्रश्नोत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. आडनाव विचारले तर त्यांनी ऑगस्टे असे सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले तरी पुन्हा ऑगस्टे. दुपारच्या जेवणात त्या फ्लॉवर आणि डुकराचे मांस खात होत्या. काय खाताय असे विचारल्यावर त्यांनी पालक असे उत्तर दिले. नाव लिहायला सांगितले, तेव्हा नावाआधीचे ‘श्रीमती’ या अर्थाचे संबोधन लिहून झाले आणि पुढे काय लिहायचे होते तेच त्या विसरल्या. वस्तू दाखवली की नाव सांगता येई, पण काही मिनिटांत ती दाखवली होती हेच आठवत नसे.

असे रुग्ण त्या काळी नवीन नव्हते. पण ते सत्तरी-ऐंशीचे असत. म्हातारपणी मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक होतात आणि त्यामुळे बुद्धी जाते, असे तेव्हा मानले जाई. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या मेंदूच्या ऱ्हासावर अल्झायमर यांचा स्वतःचाच अभ्यास होता. त्यामुळे ५१ व्या वर्षी एखाद्या स्त्रीची अशी अवस्था का व्हावी, हा प्रश्न त्यांना सोडवेना.

मेंदूत काय आढळले?

दरम्यान, अल्झायमर यांचे फ्रँकफर्ट सुटले. प्रसिद्ध मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्या बोलावण्यावरून ते आधी हायडेलबर्गला आणि १९०३ मध्ये त्यांच्याच मागोमाग म्युनिकला गेले. तेथील प्रयोगशाळेत त्यांनी काही काळ पगाराविना काम केले. पत्नीच्या मागे राहिलेल्या संपत्तीमुळे ते शक्य झाले. ऑगस्टे यांचा विसर मात्र त्यांना पडला नाही. ते फ्रँकफर्टहून त्यांची खबर घेत राहिले.

शेवटी ऑगस्टे अंथरुणाला खिळल्या. बोलणे थांबले, अंगाला जखमा झाल्या, जंतुसंसर्ग रक्तात भिनला. ८ एप्रिल १९०६ रोजी त्यांचा मृत्यू झाला. सिओली यांनी त्यांचे कागदपत्र आणि मेंदू म्युनिकला पाठवला.

मेंदू आक्रसला होता. गाएटानो पेरुसिनी आणि फ्रान्चेस्को बोनफिल्यो या दोन तरुण इटालियन डॉक्टरांसह अल्झायमर यांनी त्याचे काप तपासले. मज्जापेशींतील सूक्ष्म धागे चांदीच्या क्षाराने रंगवण्याची बिल्शोव्स्की यांची पद्धत नुकतीच आली होती, ती त्यांनी वापरली. दोन गोष्टी दिसल्या. एक, पेशींच्या बाहेर विखुरलेले, कशाचे ते न कळणारे बारीक साठे. त्यांना आज प्लाक म्हणतात. दुसरी, पेशींच्या आत जाड होऊन एकमेकांत गुरफटलेल्या धाग्यांचा गुंता. काही ठिकाणी पेशी मरून गेली होती आणि मागे फक्त गुंता उरला होता. मेंदूच्या बाह्यकातील पाव ते एकतृतीयांश मज्जापेशींत हा बदल झाला होता.

प्लाक इतर संशोधकांनी आधीही पाहिले होते. पेशींच्या आतला गुंता मात्र अल्झायमर यांनी प्रथम वर्णन केला. जिवंतपणी नोंदवलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर मेंदूत सापडलेल्या खुणा एकाच व्यक्तीच्या बाबतीत समोरासमोर ठेवणे, हे या कामाचे खरे मोल.

ट्यूबिंगेनच्या परिषदेत काय घडले?

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे नैर्ऋत्य जर्मनीतील मनोविकारतज्ज्ञांची ३७ वी परिषद भरली. अल्झायमर यांनी मेंदूच्या बाह्यकाच्या एका आगळ्या आजारावर निबंध वाचला, चित्रे दाखवली. अध्यक्षस्थानी आल्फ्रेड होखे होते. निबंध संपला, पण श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही. सभा पुढच्या विषयाकडे वळली. पुढच्या वर्षी त्या निबंधाचा जेमतेम दोन पानांचा सारांश छापून आला.

मग आजाराला त्यांचे नाव कसे पडले?

हे नाव क्रेपेलिन यांनी दिले. १९१० मध्ये त्यांच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकाची आठवी आवृत्ती निघाली. तिच्यात त्यांनी साठीच्या आत होणाऱ्या या स्मृतिभ्रंशाचा ‘अल्झायमरचा आजार’ असा स्वतंत्र उल्लेख केला. तोवर अशा रुग्णांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. आजाराचा अर्थ अजून स्पष्ट नाही, अशी पुस्तीही क्रेपेलिन यांनी जोडली होती.

इतकी घाई का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. म्युनिकच्या प्रयोगशाळेची प्रतिष्ठा वाढावी, हे एक कारण सांगितले जाते. प्रागमध्ये आर्नोल्ड पिक यांच्या विभागातील ऑस्कर फिशर यांच्याशी असलेली स्पर्धा हे दुसरे. फिशर यांनी १९०७ मध्ये वृद्धापकाळी स्मृतिभ्रंश झालेल्या १६ जणांचे मेंदू तपासून त्यांतील १२ मध्ये प्लाक दाखवले होते. अल्झायमर यांच्याकडे तेव्हा एकच रुग्ण होती. तरीही नाव अल्झायमर यांचे झाले आणि फिशर विस्मरणात गेले. ज्यू असलेल्या फिशर यांचा १९४२ मध्ये नाझींच्या तेरेझिन येथील कैदेत मृत्यू झाला. त्यांच्या कामाची आठवण वैद्यकाला गेल्या काही दशकांत पुन्हा झाली आहे.

अल्झायमर यांना शंका कसली होती?

म्युनिकमध्ये योहान एफ. या नावाने नोंद असलेला ५० च्या पुढचा एक रुग्ण आला. त्याचीही स्मृती अशीच गेली होती. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत प्लाक भरपूर सापडले. गुंता मात्र मिळाला नाही. १९११ मध्ये अल्झायमर यांनी ही दुसरी केस सविस्तर प्रसिद्ध केली आणि प्रामाणिकपणे प्रश्न उभे केले. प्लाक हे आजाराचे कारण, की केवळ सोबतची खूण? पन्नाशीतला हा आजार आणि ऐंशीतला स्मृतिभ्रंश मुळात एकच तर नव्हेत? त्यांचा कल दोन्हींत फारसा भेद नसावा याकडे होता. म्हणजे ज्या भिंतीला त्यांचे नाव दिले गेले, ती भिंत त्यांनाच मान्य नव्हती.

वैद्यकाने मात्र ती पुढे सुमारे सहा दशके जपली. पन्नाशीत विसरणारा माणूस ‘अल्झायमरचा रुग्ण’ ठरला आणि पंचाहत्तरीत विसरणारा नुसता म्हातारा. पहिल्याला आजार होता, दुसऱ्याला वय. या फरकाची किंमत कोट्यवधी कुटुंबांनी मोजली. घरात जे चालले आहे त्याला नाव नाही, निदान नाही आणि मदतही नाही, अशा अवस्थेत त्यांनी आपल्या माणसांना सांभाळले.

अल्झायमर यांची अखेर कशी झाली?

म्युनिकच्या त्यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशींचे विद्यार्थी येत. अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांपैकी एक असलेले सॉलोमन कार्टर फुलर त्यांच्याकडे शिकले. प्रत्येकाच्या सूक्ष्मदर्शकापाशी बसून ते समजावत आणि बोलण्याच्या नादात आपली सिगार तिथेच विसरत, अशी आठवण सांगितली जाते.

जुलै १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. तिकडे जाताना रेल्वेतच ते आजारी पडले. घशाच्या संसर्गाने सुरू झालेले दुखणे हृदयापर्यंत पोहोचले. त्यातून ते पुरते सावरले नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पहिले महायुद्ध चालू होते. फ्रँकफर्टच्या दफनभूमीत पत्नीच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले.

वृद्धांच्या विस्मरणाशी हा आजार कधी जोडला गेला?

१९६० च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे मार्टिन रॉथ, गॅरी ब्लेस्ड आणि बर्नार्ड टॉमलिन्सन यांनी वृद्धांची स्मरणशक्ती त्यांच्या हयातीत तपासली आणि मृत्यूनंतर मेंदूतील प्लाक मोजले. ज्यांची स्मृती जास्त ढासळली होती, त्यांच्या मेंदूत प्लाकही साधारणपणे जास्त होते. १९७६ मध्ये अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी पन्नाशी आणि ऐंशी अशी विभागणी सोडून द्यावी, असे ठामपणे मांडले. अल्झायमर यांचा अंदाज ६५ वर्षांनी मान्य झाला. एका दुर्मीळ आजाराचे रूपांतर जगातील मोठ्या आरोग्य प्रश्नात झाले.

ती प्रथिने नेमकी कोणती?

१९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूवरील रक्तवाहिन्यांत साचणारे प्रथिन वेगळे केले. पुढच्याच वर्षी प्लाकही त्याच प्रथिनाचे असल्याचे दिसले. हेच बीटा अमायलॉइड. एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे होताना ते तयार होते आणि नीट निचरा झाला नाही की साचत जाते. पेशींच्या आतला गुंता टाऊ या प्रथिनाचा आहे, हे त्याच सुमारास कळले. एरवी टाऊ मज्जापेशींतील वाहतुकीच्या सूक्ष्म नळ्यांना आधार देते. आजारात ते सुटे होऊन एकमेकांना चिकटते. अमायलॉइड साचायला लक्षणांच्या १५-२० वर्षे आधीच सुरुवात झालेली असते. स्मृती किती गेली, याचा संबंध मात्र टाऊशी अधिक जुळतो.

यादी इथे संपत नाही. अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या फ्रिडरिश लेवी यांनी १९१२ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत वेगळ्याच गोलाकार गाठी पाहिल्या. त्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या असल्याचे १९९७ मध्ये समजले. त्यांच्यामुळेही स्मृतिभ्रंश होतो. हान्स क्रॉइट्झफेल्ट आणि आल्फोन्स याकोब हेही अल्झायमर यांच्या हाताखाली काम केलेले. त्यांच्या नावाचा आजार प्रिऑन प्रथिनामुळे होतो. २००६ मध्ये टीडीपी-४३ या प्रथिनाचे साठे सापडले. प्रामुख्याने ऐंशीनंतर, अल्झायमरसारखीच लक्षणे दाखवणाऱ्या या विकाराला तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ‘लेट’ असे नाव दिले.

यातून चित्र बदलले आहे. खूप वृद्ध रुग्णाच्या मेंदूत बहुधा एकच बिघाड नसतो. अमायलॉइड, टाऊ, टीडीपी-४३ आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान एकत्र नांदतात. उलट, मेंदूत प्लाक असूनही शेवटपर्यंत शहाणीसुरती राहिलेली माणसेही आढळतात. प्लाक म्हणजेच आजार का, हा १९११ चा प्रश्न म्हणूनच अजून जिवंत आहे.

ऑगस्टे यांची कागदपत्रे कुठे होती?

ती हरवली असे मानले जात होते. डिसेंबर १९९५ मध्ये फ्रँकफर्ट विद्यापीठातील कोनराड माउरर आणि सहकाऱ्यांना रुग्णालयाच्या जुन्या दप्तरांत ती फाइल सापडली. तिच्यात अल्झायमर यांच्या हस्ताक्षरातील टिपणे, ऑगस्टे यांची छायाचित्रे आणि त्यांनी अर्धवट लिहिलेले नाव होते. १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात त्यावर लेख आला. पुढे म्युनिकमध्ये त्यांच्या मेंदूचे मूळ कापही मिळाले. नव्याने पाहिल्यावर अल्झायमर यांचे वर्णन अचूक असल्याचे दिसले.

आज उपचार आहेत का?

पूर्ण बरे करणारे औषध नाही. अमायलॉइड काढून टाकणारे लेकानेमॅब अमेरिकेत २०२३ मध्ये आणि डोनानेमॅब २०२४ मध्ये मंजूर झाले. सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांत लेकानेमॅबमुळे १८ महिन्यांत घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. मेंदूला सूज येणे किंवा सूक्ष्म रक्तस्राव हे धोके आहेत. प्लाक हटवूनही आजार थांबत नाही, यावरून प्लाक हे सर्वस्व नाही हे पुन्हा दिसते. एवढे मात्र बदलले, की मेंदूतील ही प्रथिने पाहण्यासाठी आता मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. पेट स्कॅनने ती जिवंतपणी दिसतात आणि २०२५ मध्ये अमेरिकेत यासाठीच्या रक्तचाचणीलाही मान्यता मिळाली.

भारतात काय स्थिती?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार, देशात साठीपुढील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. याचा दुसरा अर्थ असा, की साठी ओलांडलेल्या दर शंभरांतील नव्वदहून अधिक जणांना तो नाही. साठीला बुद्धी नाठी होते, हे आकड्यांत बसत नाही.

म्हणूनच नेहमीचे व्यवहार चुकू लागले, ओळखीचा रस्ता सापडेना, स्वभाव एकदम संशयी झाला तर वयावर बोट ठेवून थांबू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालानुसार, कमी ऐकू येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा अशा १४ घटकांवर आयुष्यभर लक्ष दिले तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रसंग टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. निदान अल्झायमरचेच निघाले तरी पैशांचे व्यवहार, औषधे आणि देखभाल यांची व्यवस्था रुग्णाला विचारून करण्याएवढा वेळ हाती राहतो. ऑगस्टे डेटर यांच्या घरच्यांना तो मिळाला नव्हता.